प्रश्न काठाचा आहे: चेहऱ्यावरच्या त्वचेच्या कॅन्सरला कोणता उपचार?

आत्याच्या डाव्या नाकपुडीवर, नथीच्या भोकाच्या किंचित वर, एक काळा चमकदार ठिपका होता. दोन वर्षं तो आम्ही सगळ्यांनी पाहिला आणि सगळ्यांनी त्याला तीळच म्हटलं. तोंड पुसताना पंचा लागला की थेंबभर रक्त यायचं, खपली धरायची, आठवड्याने ती पडायची, पुन्हा रक्त. कुणी चुना लावायला सांगितला, कुणी चामखीळ समजून घोड्याच्या शेपटीचा केस बांधायला. शेवटी ७४व्या वर्षी बायॉप्सी झाली आणि रिपोर्टवर शब्द आले: बेसल सेल कार्सिनोमा, पिग्मेंटेड.

मग घरात चर्चा सुरू झाली. काका म्हणाले, कापून मोकळं व्हा. शेजारच्या काकूंचं म्हणणं, या वयात चिरफाड कशाला, 'लाइट' घ्या, म्हणजे रेडिएशन. पुण्यातल्या भाच्याने नेटवर 'मोज सर्जरी' शोधून काढली. कुणीतरी एका मलमाचंही नाव आणलं. चौघांच्या चार वाटा, आणि गंमत म्हणजे चारही खऱ्या, वैद्यकात मान्य असलेल्या. कुणीच अडाण्यासारखं बोलत नव्हतं.

त्या महिन्याभरात मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं, ते इथे मांडतो. मला सापडलेली किल्ली एकच: या सगळ्या उपचारांची तुलना करायची तर गाठीच्या काठाचा विचार करायचा. गाठ कुठे संपते आणि तिथवर आपण पोहोचलो हे कुणाला, कशावरून कळणार?

आधी एक गल्लत दूर करू

आपल्याकडे 'हेड अँड नेक कॅन्सर' म्हटलं की डोळ्यांसमोर तंबाखू, गुटखा, मिश्री येते. म्हणजे जीभ, गाल, घसा यांचा कॅन्सर. चेहऱ्याच्या, डोक्याच्या आणि मानेच्या त्वचेचा कॅन्सर हा निराळा आजार आहे. घोटाळा असा होतो की 'स्क्वॅमस सेल' हे शब्द दोन्हीकडे येतात. नेटवर शोधणारा माणूस तोंडाच्या कॅन्सरचे आकडे वाचून घाबरतो, त्याची केमोथेरपी आपल्याला का देत नाहीत म्हणून डॉक्टरांशी वाद घालतो. रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा 'त्वचेचा' की 'तोंडाच्या आतला' एवढं विचारून घ्यावं.

भारतात त्वचेचा कॅन्सर कमी आढळतो, कारण आपल्या सावळ्या रंगातलं मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांना अडवतं. ऑस्ट्रेलियात मात्र सत्तरी गाठेपर्यंत तिघांपैकी दोघांना त्वचेचा कुठला ना कुठला कॅन्सर होतो. आपल्याकडे तर तो कधीकधी उन्हाऐवजी सवयींमुळेही झाला आहे. मुंबईत डॉ. व्ही. आर. खानोलकरांनी १९४५ साली 'धोतर कॅन्सर'चं वर्णन केलं होतं: कमरेला वर्षानुवर्षं घट्ट कसलेल्या धोतराच्या घर्षणाने तिथल्या त्वचेत होणारा. तो चेहऱ्याचा नव्हे, पण 'आपल्याला त्वचेचा कॅन्सर होतच नाही' या समजुतीला उत्तर म्हणून मला तो आठवतो.

चेहऱ्यावर मुख्यतः दोन प्रकार भेटतात. पहिला आत्याचा, बेसल सेल. जगात सर्वांत जास्त होणारा त्वचेचा कॅन्सर हाच, आणि त्यातले शंभरात सुमारे ८० डोक्या-मानेवरच होतात. गोऱ्या माणसांत तो मोत्यासारखा चकचकीत, गुलाबी दिसतो. आपल्याकडे बऱ्याचदा काळा असतो, म्हणून तीळ समजून खपून जातो. तो सावकाश वाढतो आणि शरीरात दूर जाणं फार म्हणजे फार विरळ, हजारात एकापेक्षाही कमी. पण जागेवर मात्र तो सोडत नाही. डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये पापण्या कुरतडत जाणाऱ्या एका चमत्कारिक व्रणाचं वर्णन केलं. पुढे त्याला उंदराने कुरतडल्यासारखा म्हणून 'रोडंट अल्सर' हे नाव पडलं. जीव घेत नाही, नाक घेतो.

दुसरा स्क्वॅमस सेल. हा खरखरीत, जाड, खवल्यांचा किंवा न भरणाऱ्या जखमेसारखा. खालचा ओठ, कानाची पाळी, टकलावरची उन्हात तापलेली त्वचा, जुन्या भाजल्याचा व्रण या त्याच्या आवडत्या जागा. हा मानेतल्या किंवा कानापुढच्या ग्रंथींमध्ये उतरू शकतो: साधारण शंभरात दोन ते पाच जणांत, आणि कान-ओठावरचा असेल तर त्याहून जास्त. किडनी बदललेल्या लोकांमध्ये प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे तो अनेक पटींनी जास्त होतो आणि जास्त आक्रमकही असतो.

मेलॅनोमा तिसरा, सर्वांत घातक, पण आपल्या लोकांत चेहऱ्यापेक्षा तळपायावर जास्त सापडणारा. त्याचा हिशेब वेगळा आहे, शेवटी दोन वाक्यांत सांगतो.

चार मिलिमीटर, पण कुठून आणायचे?

दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, स्पष्ट कडांची बेसल सेलची गाठ असेल तर डोळ्यांना दिसणाऱ्या काठाच्या पलीकडे चारी बाजूंनी ४ मिलिमीटर निरोगी त्वचा घेऊन कापली की शंभरातल्या ९५ गाठी मुळासकट निघतात. स्क्वॅमस असेल तर ४ ते ६ मिलिमीटर. याला मार्जिन म्हणतात.

पाठीवर हे सोपं आहे. कापा, ओढून टाके घाला, घरी जा. आत्याचा ठिपका १२ मिलिमीटरचा होता. दोन्ही बाजूंना चार-चार धरले की झाले वीस. नाकपुडी असते केवढी? डोळ्याच्या कोपऱ्यापाशी किंवा ओठाच्या कडेला तर दोन मिलिमीटरसुद्धा चैन वाटावी. डोळे, नाक, ओठ, कान आणि कानशिलं मिळून जणू एक मुखवटा तयार होतो, आणि नेमक्या याच मुखवट्यात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त आहे. दिसतो त्यापेक्षा तो इथे खोल आणि आडवा पसरलेला असतो. वर सर्जनचा हात आखडतो. भूमिती आणि माया दोन्ही रुग्णाच्या विरुद्ध जातात म्हणा ना.

आता कापलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो. तिथे काय होतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि खरी मेख तिथेच आहे. नेहमीच्या पद्धतीत त्या तुकड्याचे उभे काप करतात, पावाच्या लादीचे करतात तसे, आणि त्यातले काही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोन कापांच्या मधला काठ कुणी पाहिलेलाच नसतो. एकंदर काठाचा एक टक्क्यापेक्षाही कमी भाग प्रत्यक्ष नजरेखालून जातो. 'मार्जिन क्लिअर' याचा अर्थ 'जे पाहिलं ते क्लिअर'. बहुतेक वेळा ते पुरतं. पण कॅन्सरचं एखादं बारीक मूळ बरोबर दोन कापांमधून निसटलं असेल तर रिपोर्ट खोटा नसूनही चुकीचा ठरतो.

मोज सर्जरी हाच दोष काढते. फ्रेडरिक मोज हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकत असताना, १९३०च्या दशकात, त्यांना आढळलं की झिंक क्लोराइड लावलं तर पेशी मरतात पण त्यांची रचना जशीच्या तशी गोठून राहते. म्हणजे थर कापून थेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतो. १९४१ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. आता तो जळजळीत लेप कुणी लावत नाही. ताजा तुकडा गोठवून काप काढतात. (मराठी कानाला 'मोज' हा शब्द हुकूम वाटतो, आणि पद्धत खरोखर मोजण्याचीच आहे.)

ती अशी. सर्जन तिरप्या सुरीने द्रोणासारखा पातळ थर काढतो. मग तो द्रोण दाबून पत्रावळीसारखा सपाट करतात, म्हणजे द्रोणाची बाहेरची बाजू, कडा आणि तळ, सगळं एकाच पातळीत येतं. त्या पातळीचा काप घेतला की काठाचा जवळजवळ प्रत्येक कण एका काचेवर दिसतो. नकाशावर खूण होते: तीन वाजताच्या जागी अजून कॅन्सर आहे, बाकी स्वच्छ. मग फक्त तीन वाजताच्या जागचा आणखी एक थर. रुग्ण जागाच असतो, जागेवर बधिर केलेलं, बाहेर चहा पीत बसलेला. दोन फेऱ्या, तीन फेऱ्या, काठ स्वच्छ होईपर्यंत. निरोगी त्वचा कमीत कमी जाते, आणि खात्री जास्तीत जास्त मिळते.

मग प्रत्येकाला मोजच का नको? नेदरलँड्समध्ये हा प्रश्न नीट विचारला गेला. चेहऱ्यावरच्या बेसल सेलच्या गाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटल्या: काहींना नेहमीची शस्त्रक्रिया, काहींना मोज. पहिल्यांदाच झालेल्या गाठी ४०८, एकदा उपचार होऊन परत आलेल्या २०४. दहा वर्षांनी पाहिलं तर पहिल्यांदाच्या गाठी मोजनंतर ४.४ टक्के परतल्या, नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर १२.२ टक्के. पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. परत आलेल्या गाठींमध्ये मात्र ठरला: ३.९ विरुद्ध १३.५ टक्के.

यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य वेगळंच आहे. पहिल्यांदाच झालेल्या गाठींपैकी ज्या परतल्या त्यातल्या निम्म्याहून अधिक पाच वर्षांनंतर परतल्या. पाच वर्षांचे आकडे दाखवून कुणी 'आमचा उपचार १०० टक्के' म्हणत असेल तर बेसल सेलच्या बाबतीत तो अर्ध्या सामन्याचा धावफलक आहे.

भोक लगेच बुजवू नका

मोज सर्जरी करणारे डॉक्टर महाराष्ट्रात मोजकेच, तेही मोठ्या शहरांत. आत्याला तिकडे नेणं झेपणारं नव्हतं. तिच्या सर्जननी दुसरा मार्ग सुचवला, आणि तो या लेखातला कदाचित सर्वांत उपयोगी मुद्दा असेल: आज काढायचं, पण आज बुजवायचं नाही.

होतं असं की चेहऱ्यावर मोठं भोक पडलं की सर्जनला आणि नातेवाइकांना ते तिथल्या तिथे झाकायची घाई असते. शेजारची त्वचा सरकवून, फिरवून भोक बंद करतात. याला फ्लॅप म्हणतात. आठवड्याने रिपोर्ट येतो की खालच्या काठाला कॅन्सर उरला आहे. पण आता खालचा काठ आहे कुठे? त्वचा फिरवल्यामुळे जागा बदलल्या. उरलेल्या पेशी जाड फ्लॅपखाली पुरल्या गेल्या, त्या वर येऊन दिसायला दोन-तीन वर्षं लागतील, तोवर हाडापर्यंत गेलेल्या असतील. म्हणून जोखमीच्या जागी, जिथे मोजची सोय नाही तिथे, तुकडा काढून जखम नुसत्या पट्टीखाली ठेवतात. पूर्ण रिपोर्ट आल्यावरच नाक बांधतात. शस्त्रक्रियेच्या वेळीच तुकडा गोठवून तपासणं, म्हणजे फ्रोझन सेक्शन, बऱ्याच रुग्णालयांत होतं. पण तेही लादीच्या कापांसारखं नमुनेच पाहतं. नाही त्यापेक्षा बरं, मोजची बरोबरी नाही.

आत्याच्या तुकड्याला बारा वाजताच्या जागी सर्जननी रेशमी टाका मारून खूण केली होती. आठव्या दिवशी रिपोर्ट आला: सहा वाजता काठ बाधित. पुन्हा थोडी चकती काढली, पुन्हा रिपोर्ट, स्वच्छ. हे पंधरा दिवस वाईट गेले. आत्याने आरसे उलटे करून ठेवले होते. पण त्या दिवसांमुळे पुढची वर्षं वाचली असं मी मानतो.

मग नाक बांधायचं. कपाळाची त्वचा नाकाच्या त्वचेशी पोताने, रंगाने सर्वांत जुळते, म्हणून कपाळावरून पट्टा सोडवून, भुवईजवळची रक्तवाहिनी शाबूत ठेवून, तो खाली वळवून नाकावर शिवतात. नव्या जागी रक्तपुरवठा रुजेपर्यंत सुमारे तीन आठवडे तो भुवईपासून नाकापर्यंत पुलासारखा लटकतो, मग कापतात. आत्या म्हणाली, "झाले, गणपती झाले मी!" आणि हळदीकुंकवाची दोन आमंत्रणं नाकारली.

या शस्त्रक्रियेला जगभर 'इंडियन मेथड' म्हणतात आणि त्या नावामागे पुणं आहे. टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या सैन्याचे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ मध्ये कैद झाला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं: मेणाचा साचा कपाळावर पसरून मापाची खूण, भुवयांच्या मधला भाग जोडलेला ठेवून त्वचा खाली वळवलेली, चिकटवायला काताचा लेप, आणि साधारण पंचविसाव्या दिवशी जोड कापलेला. इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आलं. जोसेफ कार्प्यू यांनी ते वाचून १८१४ मध्ये लंडनमध्ये तसं नाक बांधलं. पंचवीस दिवसांचा तो हिशेब आज प्लास्टिक सर्जन जेमतेम बदलतात. त्या वीटवाल्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

काकूंचा 'लाइट'

रेडिएशनमध्ये काही कापायचं नसतं. चेहऱ्याचा साचा बनवतात म्हणजे डोकं हलत नाही, डोळ्यांवर शिशाची ढाल ठेवतात, आणि रोज काही मिनिटं याप्रमाणे साधारण चार ते सात आठवडे किरणं देतात. फार थकलेल्या वृद्धांना मात्रा मोठी करून फेऱ्या कमीही करतात. नाकाचं टोक, पापणीचा कोपरा, ओठ अशा जागी जिथे कापलं तर बांधणं अवघड, तिथे हा पर्याय खराच मोलाचा आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयविकार, ऑपरेशनला ठाम नकार, अशा वेळीही.

पण काठाची परीक्षा घ्या. रेडिएशनमध्ये तुकडाच नाही, मग पॅथॉलॉजिस्टला पाहायला काय मिळणार? काठाच्या पलीकडे अंदाजाने जास्तीची पट्टी धरायची आणि वाट पाहायची. फ्रान्समध्ये १९८०च्या दशकात चेहऱ्यावरच्या ४ सेंटिमीटरपेक्षा लहान बेसल सेलच्या ३४७ रुग्णांना चिठ्ठीने दोन गटांत वाटलं. चार वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटात ०.७ टक्के, रेडिएशनच्या गटात ७.५ टक्के अपयश. आणि ज्या कारणासाठी लोक रेडिएशन मागतात ते दिसणं? ८७ टक्के शस्त्रक्रियावाल्यांना आपला चेहरा चांगला वाटला, रेडिएशनवाल्यांपैकी ६९ टक्क्यांना. किरणांची जागा आधी छान दिसते. वर्षं जातात तशी ती पांढुरकी, पातळ, लाल रेषांची होत जाते. तेव्हापासून यंत्रं पुष्कळ सुधारली आहेत, हेही खरं. पण क्रम बदलल्याचं मला दिसलं नाही.

शिवाय किरणांमुळे त्याच जागी दशकांनंतर दुसरा कॅन्सर होण्याची थोडी शक्यता असते, म्हणून साठीच्या आतल्या रुग्णांना शक्यतो टाळतात. गॉर्लिन सिंड्रोम किंवा झेरोडर्मा पिगमेंटोझम हे जन्मजात आजार असतील तर रेडिएशन नकोच. चाळिशीच्या माणसाला 'कापायला नको, लाइट घे' असं सांगणारा हितचिंतक असेल तर त्याला हे सांगावं.

इथे एक सापळाही आहे. 'अमुक रुग्णालयात रेडिएशनने इतके टक्के बरे झाले' असे आकडे वाचताना विचारायचं, ते रुग्ण कोण होते? रेडिएशनकडे बहुधा म्हातारे, मोठ्या गाठीचे लोक जातात आणि मोजकडे परत आलेल्या हट्टी गाठी. दोन वेगळ्या वर्गांची परीक्षा वेगळ्या पेपरांवर घेऊन गुण ताडून पाहण्यासारखं ते होतं. म्हणून वर मी चिठ्ठीने वाटलेलेच अभ्यास दिले.

मलम

मलमांबद्दल थोडक्यात. इमिक्विमॉड त्वचेतली प्रतिकारशक्ती जागी करतं, फाइव्ह-एफयू पेशी मारतं, आणि फोटोडायनॅमिक उपचारात औषध लावून त्यावर विशिष्ट प्रकाश पाडतात. हे सगळं अगदी उथळ, कागदासारख्या पसरलेल्या बेसल सेलसाठी. नेदरलँड्समध्ये अशा उथळ गाठींच्या ६०१ रुग्णांत पाच वर्षांनी इमिक्विमॉडने ८०.५, फाइव्ह-एफयूने ७० आणि प्रकाशोपचाराने ६२.७ टक्के लोक गाठमुक्त राहिले. ब्रिटनच्या एका अभ्यासात कमी जोखमीच्या जागी इमिक्विमॉड ८२.५ आणि शस्त्रक्रिया ९७.७ टक्के.

खांद्यावर, पाठीवर कुणी वीस टक्क्यांची जोखीम पत्करून व्रण टाळला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. नाकपुडीवर नको. वरून जमीन सपाट दिसते आणि हरळीसारखं मूळ खाली कुठवर गेलं आहे ते मलमाला कळत नाही. खरवडून जाळणं किंवा द्रव नायट्रोजनने गोठवणं यालाही हाच आक्षेप. चुन्याबद्दल वेगळं लिहायला नको.

काठ हाताबाहेर गेला तर

स्क्वॅमस सेल मोठी असेल, ६ मिलिमीटरपेक्षा खोल असेल, मज्जातंतूच्या कडेने सरकत गेली असेल तर ग्रंथी तपासाव्या लागतात. कपाळ, डोक्याची त्वचा, कान यांचा निचरा कानापुढच्या पॅरोटिड या लाळग्रंथीतल्या गाठींत होतो. चेहरा हलवणारी नस बरोबर त्या ग्रंथीतून जाते, त्यामुळे तिथलं ऑपरेशन नाजूक असतं. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन देतात. इथे ते पर्याय म्हणून येत नाही, जोडीदार म्हणून येतं. त्यासोबत केमो दिली तर फायदा होतो का, हे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी ३२१ रुग्णांत तपासलं. २०१८ मध्ये उत्तर आलं: कार्बोप्लॅटिन जोडून काही विशेष साधत नाही. दोन वर्षांनी त्या भागात आजार न परतलेले केमोशिवाय ८८ टक्के, केमोसह ८९ टक्के. 'आमच्या रुग्णाला केमो का नाही' या प्रश्नाचं एक उत्तर हे.

खरा पालट झाला तो इम्युनोथेरपीने. उन्हाने झालेल्या कॅन्सरमध्ये जनुकांचे बिघाड इतके असतात की शरीराच्या पहारेकऱ्यांना तो परका ओळखता येतो. फक्त त्यांचा ब्रेक दाबलेला असतो. सेमिप्लिमॅब हे औषध तो ब्रेक काढतं. अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला पुढच्या टप्प्यातल्या स्क्वॅमससाठी मान्यता मिळाली. २०२२ मध्ये ७९ रुग्णांना शस्त्रक्रियेआधीच त्याच्या जास्तीत जास्त चार मात्रा दिल्या, आणि नंतर काढलेल्या तुकड्यात ५१ टक्के लोकांमध्ये जिवंत कॅन्सर सापडलाच नाही. यातले बहुतेक डोक्या-मानेचेच रुग्ण होते. डोळा किंवा अर्धा जबडा वाचवण्याची ही शक्यता दहा वर्षांपूर्वी कुणी बोलून दाखवली नसती. या कुळातली औषधं भारतात मिळतात, पण खर्च लाखांच्या घरात जातो आणि प्रतिकारशक्ती मोकाट सुटून थायरॉइड, फुप्फुस, आतडं यांवर उलटू शकते. किडनी बदललेल्यांत तर नवी किडनीच नाकारली जाण्याचा धोका असतो.

बेसल सेल हाताबाहेर गेली तर व्हिस्मोडेजिब ही गोळी आहे, २०१२ची. तिची कुळकथा मेंढ्यांपासून सुरू होते. अमेरिकेत आयडाहोमध्ये १९५०च्या दशकात काही कोकरं एकाच डोळ्याची जन्मली. त्यांच्या आया गाभण असताना कॉर्न लिली नावाची वनस्पती खात होत्या. त्यातलं रसायन पेशींचा 'हेजहॉग' हा संदेशमार्ग बंद करतं, आणि बेसल सेलमध्ये नेमका तोच मार्ग सतत चालू राहिलेला असतो. गोळीने स्थानिक पण मोठ्या गाठी ४३ टक्के लोकांत आकसल्या. मात्र पायात गोळे येतात, जेवणाची चव जाते, केस गळतात, आणि बंद केली की गाठ पुष्कळदा परतते. गर्भावर काय परिणाम होईल ते त्या कोकरांनी सांगितलंच आहे.

पापणीबद्दल एक गोष्ट आपल्याकडे जास्त लागू पडते. भारतात पापणीच्या कॅन्सरमध्ये तेलग्रंथींच्या सेबेशियस कार्सिनोमाचा वाटा पाश्चात्त्यांपेक्षा बराच मोठा आहे, आणि तो दिसतो थेट रांजणवाडीसारखा. पन्नाशीनंतर त्याच जागी पुन्हा पुन्हा येणारी रांजणवाडी तिसऱ्यांदा शेकत बसू नये. तिचा तुकडा तपासायला द्यावा. तो विखरून बेटाबेटांनी पसरतो, म्हणून पापणीवर ठिकठिकाणचे नमुने घेऊन नकाशा करतात.

मेलॅनोमात रुंदीपेक्षा खोलीला महत्त्व: एक मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर १ सेंटिमीटर मार्जिन, दोनपेक्षा जाड असेल तर २. जाडी वाढली की पहिल्या पहारेकरी ग्रंथीची तपासणी आणि पुढे इम्युनोथेरपी. चेहऱ्यावर दोन सेंटिमीटर काढणं म्हणजे काय, ते आता सांगायला नको.

तर आत्या. मला विचाराल तर चौघांपैकी काका बरोबर होते आणि भाचाही. काकूही चुकीच्या नव्हत्या. आत्याचं हृदय थकलेलं असतं तर मीच लाइट म्हटलं असतं. पट्टा कापून झाल्यावर पहिल्या तपासणीला मी सोबत होतो. डॉक्टरांनी पाच वर्षांवर न थांबता पुढेही दरवर्षी यायला सांगितलं, कारण एकदा झालेल्याला चेहऱ्यावर दुसरीकडे नवी गाठ होऊ शकते. उन्हात जाताना टोपी, पदर, सनस्क्रीन. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

"अहो डॉक्टर, ते भोक पुन्हा पाडता येईल का?"

"कसलं भोक, आजी?"

"नथीचं. नातीचं लग्न आहे मार्गशीर्षात."

डॉक्टर हसले नाहीत. भिंग घेऊन नव्या नाकपुडीची कड बघत राहिले. मग म्हणाले, "वर्षभर तिथे सुई नको. काही नवं उगवलं तर मला दिसायला हवं. यंदा दाबाची नथ घाला, तीसुद्धा उजव्या बाजूला."

"उजवीकडे नथ?" आत्या माझ्याकडे वळली. "लोक काय म्हणतील रे?"